डीएम आणि प्लेअर एवढे का भांडतात? ताईला समजावताना लिहिलेलं

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला, म्हणाली अरे तुझ्या भाच्याला काय झालंय बघ जरा, सात महिने दर शनिवारी ती पाच पोरं आमच्या हॉलमध्ये बसून तो फाशांचा गेम खेळायची, मी पोहे करून द्यायचे, आता दोन शनिवार कुणी आलं नाही आणि हा फोन उलटा ठेवून बसलाय. मी विचारलं काय झालं, तर म्हणे भांडण झालं, त्यांच्या त्या डीएमशी, म्हणजे गेम चालवणाऱ्या पोराशी. पैसे लावलेले नव्हते, कोण जिंकलं कोण हरलं हा प्रश्नच नव्हता, मग हे भांडले कशावरून?

प्रश्न रास्त आहे. मी स्वतः दहाएक वर्षं हे गेम खेळतोय, त्यातली निम्मी डीएम म्हणून, आणि असे ग्रुप फुटताना पाहिलेत. भाच्याशी बोललो तेव्हा कळलं ते असं. त्यांच्या गोष्टीत एक सरदार होता, गावाच्या धान्यात विष कालवणारा, पोरं सात महिने त्याच्या मागावर. शेवटी तो घोड्यावरून पळताना सापडला. भाच्याचं कॅरेक्टर म्हणजे धनुष्य चालवणारा चोर, त्याने बाण सोडला, डीएम म्हणाला रोल कर, म्हणजे फासा टाक, आणि वीस पडले. वीस बाजूंच्या फाशावरचा सगळ्यात वरचा आकडा, हॉलमध्ये असा आरडाओरडा झाला की ताई किचनमधून बघायला आली. आणि डीएम म्हणाला, बाण लागला, पण सरदार धुक्यात दिसेनासा झाला.

भाचा म्हणाला, "मग रोल करायला लावलंस कशाला?"

पुढच्या शनिवारी भाचा गेममध्ये आपल्याच पार्टीतल्यांच्या, म्हणजे सोबतच्या कॅरेक्टरांच्या, पिशव्या मारायला लागला, विचारलं तर म्हणे माझं कॅरेक्टर चोरच आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी डीएमने त्याच्या डोक्यावर छत पाडलं, अंग चुकवायचा रोल दिलाच नाही, कॅरेक्टर खलास. मग व्हॉट्सॲपवर रात्री दोनपर्यंत मेसेज आणि ग्रुपमधून एक्झिट.

या एकाच प्रकरणात मला अशा गेममधली जवळपास सगळी भांडणं दिसतात, म्हणून तेच धरून सांगतो.

आधी खेळ काय आहे ते

याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात, सगळ्यात प्रसिद्ध डंजन्स अँड ड्रॅगन्स, बोलताना डी अँड डी. प्रत्येक खेळाडूचं एक कॅरेक्टर असतं, त्याची ताकद, चपळाई वगैरे आकड्यांत कागदावर लिहिलेली. एकाला स्वतःचं कॅरेक्टर नसतं, तो गेम मास्टर, डी अँड डी मध्ये त्याला डंजन मास्टर म्हणजे डीएम म्हणतात. बाकी सगळं जग त्याचं. तो सांगतो की समोर बंद दार आहे, आतून कुजबुज ऐकू येतेय, खेळाडू सांगतात आम्ही काय करतो, आणि जिथे जमेल की नाही अशी शंका असते तिथे फासा. समजा दार तोडायला १५ लागतात आणि तुझ्या ताकदीचे ५ मिळणार, तर फाशावर १० किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे वीसपैकी अकरा आकडे तुझ्या बाजूचे, ५५ टक्के.

कोकणात दशावतार पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. तिथे लिहून दिलेली संहिता नसते, आख्यान कुठलं ते ठरतं, संवाद नट उभ्या उभ्या रचतात, समोरच्याने जे टाकलं ते उचलून पुढे न्यायचं. फक्त तिथे राक्षस मरणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं. इथे शेवट टेबलावरच्या कुणालाच ठाऊक नसतो, म्हणजे नसायला हवा, आणि भाच्याच्या टेबलावर तो एकाला ठाऊक होता.

अंपायर होता, मग राक्षसही त्याच्याच हातात आले

डीएम हे पद कुठून आलं ते बघितलं की अर्धं कोडं सुटतं. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने क्रीगश्पील नावाचा युद्धाचा खेळ आणला, नकाशावर ठोकळे मांडून अधिकाऱ्यांना लढाई शिकवायला. दोन बाजू एकमेकांशी लढायच्या आणि मधे अंपायर, कोणाला काय दिसतंय ते तो सांगायचा, फासे टाकून तक्ते बघून किती माणसं पडली ते ठरवायचा. नियम एवढे वाढले की खेळ रखडायला लागला, म्हणून १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने मांडलं की तक्ते-फासे बाजूला ठेवा, अनुभवी अंपायरला त्याच्या अकलेने ठरवू द्या. नियम मोठा की अंपायर मोठा, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

मग अमेरिका. मिनेसोटातल्या डेव्हिड वेझलीने १९६९ मध्ये ब्राउनस्टाइन नावाचा प्रयोग केला, त्यात एका काल्पनिक गावातली माणसं खेळाडूंना वाटून दिली, कुणी महापौर, कुणी बँकर. खेळाडू आपापसात कट करत सुटले, सगळा गोंधळ झाला, वेझलीला वाटलं फसलं, आणि खेळाडू म्हणाले पुन्हा कधी? त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नेसनने ही कल्पना तळघरं आणि राक्षसांकडे नेली, गॅरी गायगॅक्सबरोबर तिचे नियम झाले, आणि १९७४ मध्ये डी अँड डी च्या पहिल्या १००० प्रती निघाल्या.

या प्रवासात एक गोष्ट हळूच बदलली आणि माझ्या मते सगळी भांडणं तिथून निघतात. क्रीगश्पीलमध्ये अंपायरला कुणाच्या जिंकण्या-हरण्याचं काही नव्हतं, दोन्ही बाजू माणसंच खेळायची. डी अँड डी मध्ये सगळे खेळाडू एका बाजूला आले, समोरची बाजू रिकामी झाली, आणि ती कुणाला दिली तर अंपायरलाच. गल्ली क्रिकेटमध्ये अंपायर बॅटिंग टीमचा असतो एवढ्यावरून आपण किती भांडलोय ते आठवा, इथे तर बॉलरच अंपायर, पिचही त्यानेच केलंय, आणि पाऊस पडणार की ऊन तेही तोच सांगणार.

सुरुवातीला काही जणांना ही टक्करच आवडायची. १९७५ मध्ये ओरिजिन्स नावाच्या संमेलनातल्या स्पर्धेसाठी गायगॅक्सने टूम ऑफ हॉरर्स हे खेळातलं थडगं रचलं, मुरलेल्या खेळाडूंनाही मारेल अशा सापळ्यांनी भरलेलं. पण तिथे येणाऱ्याला माहीत होतं की मरायची तयारी ठेवून यायचंय. कुणाला टक्कर हवी असते, कुणाला गोष्ट हवी असते, कुणी निव्वळ मित्र भेटतात म्हणून येतं, आणि हे एकमेकांना न सांगता सगळे एकाच टेबलाशी बसतात.

खेळाडूला डोळे नसतात

दुसरी अडचण साधी आहे पण पटकन लक्षात येत नाही. खेळाडूला त्या जगातलं काहीच दिसत नाही, डीएमचं तोंड हेच त्याचे डोळे. डीएमच्या डोक्यात अख्खा वाडा उभा असतो, खेळाडूच्या कानावर त्यातली तीन वाक्यं येतात.

अमेरिकेत १९८० च्या दशकात छापून आलेला एक किस्सा खेळणाऱ्यांमध्ये अजून सांगतात. डीएमने बागेचं वर्णन करताना सांगितलं की टेकाडावर एक गझीबो आहे, म्हणजे बागेत बसायला असतो तसला छोटा मंडप. खेळाडूला तो शब्दच माहीत नव्हता, त्याला वाटलं हा राक्षस. रंग कुठला? पांढरा. किती लांब? पन्नास यार्ड. मी हाक मारतो. उत्तर येत नाही. मी बाण मारतो. बाण त्यात रुतलाय. तरी काही होत नाही? अरे तो गझीबो आहे! शेवटी वैतागून डीएमने जाहीर केलं की गझीबो जागा झाला आणि त्याने तुला खाल्लं. लोक हसतात, मला त्या खेळाडूचं वाईट वाटतं. त्याने मिळालेल्या माहितीवर शहाण्या माणसासारखे प्रश्न विचारले होते. डीएमने पहिल्याच मिनिटाला "तुला काय दिसतंय असं वाटतंय?" एवढं विचारलं असतं तर झालं असतं. डीएम ज्याला "मूर्खपणा केला खेळाडूने" म्हणतात त्यातलं बरंचसं असंच असतं, त्याच्या डोळ्यासमोर वेगळंच चित्र असतं.

"मग रोल करायला लावलंस कशाला?"

आता भाच्याचा प्रश्न. डीएमने शेवट आधीच पक्का केलेला असतो आणि खेळाडूंनी काहीही केलं तरी गाडी त्याच स्टेशनात नेतो, याला खेळणारे रेल्वेरोडिंग म्हणतात. रूळ असणं वाईट नसतं, बऱ्याच टेबलांवर ठरलेली गोष्ट खेळतात आणि मजेत खेळतात. दुखतं ते ड्रायव्हर असल्याचं भासवून डब्यात बसवलेलं. फासा टाकायला सांगणं हे एक वचन असतं, की याचं उत्तर मलाही माहीत नाही, आपण दोघं मिळून बघू. वीसपैकी एकदा पडणारा आकडा पडला आणि तरी काही बदललं नाही, तर खेळाडूला कळतं की मागचे सात महिनेही कदाचित असेच होते. भाच्याला सरदार निसटल्याचं दुःख नव्हतंच. त्याने मला विचारलं, मामा, मग दरवाजा आम्ही तोडला होता की त्याने उघडला होता?

नियम म्हणून सांगायचं तर जिथे एकच उत्तर चालणार आहे तिथे रोल मागूच नका. सरळ सांगा की तो फार लांब गेलाय, बाण पोचणार नाही. खेळाडू कुरकुरेल, पण फसवलं असं वाटणार नाही.

पण डीएमने एवढी तयारी केली ती वाया घालवायची?

हा आक्षेप डीएम लोकांचा, आणि खरा आहे. चार तास खेळायला तेवढेच तास, कधी जास्तही, तयारी लागते, खेळाडू मात्र पेन्सिल आणि भूक घेऊन येतात. रात्री जागून नकाशा काढलाय, गावातल्या बारा माणसांची नावं, सवयी लिहिल्यात, आणि कुणीतरी एका रोलमध्ये ते सगळं गुंडाळायला निघालं तर कुणाचाही जीव तुटेल. बहुतेक रेल्वेरोडिंग यातूनच होतं, त्यात दुष्टावा नसतो.

तयारी कशाची करायची ते बदललं की बरंच सुटतं. सरदार निसटणार ही तयारी एका बाणाने मोडते. सरदाराला काय हवंय, त्याच्या मागे कोण आहे, तो मेला तर गादीवर कोण येईल, ही तयारी कुठल्याही बाणाने मोडत नाही. सरदार मेला असता तर त्याची बहीण सैन्य घेऊन आली असती आणि तो नकाशा तिच्या किल्ल्याचा झाला असता. कागदावरचं काहीच खाली सांडलं नसतं.

पडद्यामागचा फासा

डीएम समोर पुठ्ठ्याचा छोटा पडदा लावतो, मागे त्याच्या टिपणं-नकाशे आणि फासेही. मागे पडलेला आकडा बदलून सांगणं याला फजिंग म्हणतात. कधी दयेपोटी करतात, नवीन पोराचं कॅरेक्टर पहिल्याच लढाईत मरतंय म्हणून राक्षसाला पडलेल्या १९ चे ९ करतात. यावर खेळणाऱ्यांची दोन टोकाची मतं आहेत, माझं मत वयानुसार बदललं, पूर्वी मी करायचो, आता सगळे रोल उघड्यावर टाकतो. कारण दया केलेली कळली की त्या आधीचा प्रत्येक विजयही संशयात जातो.

आणि विश्वास दोन्हीकडून लागतो. स्ट्रेंजर थिंग्ज या नेटफ्लिक्सवरच्या मालिकेच्या पहिल्याच भागात पोरं हाच गेम खेळत असतात, विलचा फासा उडून लांब जातो, नेमकं तेव्हाच खेळ थांबवला जातो, किती पडले ते डीएमला दिसतच नाही, आणि घरी निघताना विल आपणहून डीएम माइकला सांगतो की सात पडले होते, राक्षसाने मला गाठलं. २०१६ मध्ये ते बघितलं तेव्हा मला वाटलं होतं की लिहिणाऱ्याला हा खेळ आतून माहीत आहे.

"माझं कॅरेक्टर असंच वागेल"

भाच्याची बाजू घेतली, आता त्याची चूक. मित्रांच्या पिशव्या मारून वर कॅरेक्टर चोर आहे म्हणणं, हे वाक्य प्रत्येक टेबलावर कधी ना कधी येतं. पण कॅरेक्टर कुणी बनवलं? तूच. चोराने मित्रांचं चोरू नये यासाठी शंभर कारणं रचता आली असती, तू न चोरण्याचं एकही रचलं नाहीस कारण तुला राग आला होता. त्याच्या चोरीत ज्या पोराची जादूची अंगठी गेली त्याचा या भांडणाशी काही संबंध नव्हता, आणि तो पोरगा गप्प बसला, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

छत पाडून प्रश्न सुटत नाही

डीएमने मग जे केलं तेही तेवढंच चूक. माणसाचा राग कॅरेक्टरवर काढला. डीएमला जिंकायचंच असेल तर एका वाक्यात जिंकता येतं, छत कोसळलं, संपलं, त्याला कुठला नियम अडवत नाही, म्हणून तर तसं जिंकण्यात काही अर्थ नसतो. शिवाय खेळाडूला शिक्षा कळली पण गुन्हा कळला नाही, त्याला वाटलं हा सरदाराचाच सूड चाललाय. दोघंही पंधरा दिवस एकमेकांशी कॅरेक्टरमधून बोलत होते, आणि जे बोलायचं होतं ते कॅरेक्टरचं नव्हतंच.

असं काही दिसलं की खेळ थांबवायचा, पेन खाली, पाणी प्यायचं, आणि नावाने हाक मारून विचारायचं की तुला राग आलाय का. कॅरेक्टरच्या नावाने नाही, घरच्या नावाने.

शेवटचा शब्द डीएमचाच असतो ना?

असतो. याला खेळणारे रूल झीरो म्हणतात, पुस्तकात काहीही असो, टेबलावर डीएमचा निर्णय. तो नसेल तर लढाईच्या मध्यावर चौघं चार पानं उघडून बसतील आणि तास जाईल. चांगली पद्धत अशी की डीएम आत्ता एका मिनिटात निर्णय देतो, सगळे मानतात, सेशन संपल्यावर पुस्तक उघडतात, चुकला असेल तर पुढच्या वेळेपासून बदल. पण हा अधिकार बाण किती लांब जातो याबद्दलचा आहे. टेबलावरच्या माणसाला काय सोसावं लागेल, याबद्दल कुणालाच तो मिळालेला नाही.

मग डीएमच काढून टाका की

काढलाय लोकांनी. २००९ च्या फियास्को नावाच्या गेममध्ये डीएमच नाही, तुझ्या सीनची सुरुवात तू ठरवलीस तर तो कसा संपला ते बाकीचे ठरवतात, जसं वडीचे दोन तुकडे एकाने करायचे आणि पहिला तुकडा दुसऱ्याने उचलायचा. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डने डीएम ठेवला पण त्यालाही नियमांत बांधलं, तो स्वतः फासा टाकतच नाही, आणि त्याने मनाने खेळाडूंच्या कॅरेक्टरच्या बाजूने असायचं हे सल्ला म्हणून नाही, नियम म्हणून लिहिलंय. उलट १९८४ च्या पॅरानोयामध्ये डीएमने छळायचं हेच ठरलेलं, म्हणून प्रत्येकाला सहा क्लोन मिळतात, एक मेला की दुसरा हजर, आणि कुणी रागवत नाही. डीएमला किती ताकद द्यायची हे देवाने ठरवलेलं नाही, गेम बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, म्हणजे टेबलावर बसणारेही बदलू शकतात.

तरी मला डीएम असलेला गेमच आवडतो. पुढच्या दारामागे काय आहे ते माहीत असलेला एक जण आणि माहीत नसलेले चार, यात जी धडधड असते ती मला दुसरीकडे मिळाली नाही.

आपल्याकडची जास्तीची अडचण, भीड

सेशन झीरो म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधी एक बैठक, कसला खेळ हवाय, कॅरेक्टर मेलं तर चालेल का, एकमेकांचं चोरायचं का, हे सगळं बोलून घ्यायचं. डी अँड डी च्या २०२० च्या एका अधिकृत पुस्तकात यावर वेगळा भाग आहे. जॉन स्टाव्ह्रोपोलोस या डिझायनरने एक्स-कार्ड आणलं, साध्या कागदावर फुली काढून टेबलाच्या मधे ठेवायची, कुणाला काही सहन होईनासं झालं की त्यावर बोट ठेवायचं, कारण विचारायचं नाही, तो सीन सोडून पुढे जायचं.

"एवढं कायदेशीर कशाला, आपण मित्रच आहोत ना" असं आपल्याकडे लगेच म्हणतात. पण मित्र आहोत म्हणूनच तर बोलत नाही. डीएम कॉलेजमधला सीनियर असतो, त्याला दादा म्हणतो, त्याच्या घरी बसून त्याच्या आईच्या हातचं खातो, आणि मग मला हे आवडलं नाही हे तोंडातून निघत नाही, भीड पडते. अंगठी गेलेला तो पोरगा भिडेखातरच गप्प बसला. फुलीचा कागद त्याच्यासाठी असतो, बोलघेवड्यांसाठी नाही.

खेळच तर आहे

ताई शेवटी हेच म्हणाली. मी म्हटलं, ताई, सात महिने म्हणजे तीसेक शनिवार, त्यांनी एकत्र बसून एक गाव उभं केलं, त्यात माणसं वसवली, वाचवली. ते खोटं होतं हे त्यांना माहीत आहे, पण घालवलेला वेळ आणि सोबत खरी होती.

मग भाच्याला आणि त्याच्या डीएमला मी चहाला बोलावलं, फासे आणू नका म्हटलं. पंधरा मिनिटं इकडचं तिकडचं झालं, मग भाच्याने विचारलं की सरदार मेला असता तर काय बिघडलं असतं? तो डीएम पोरगा बराच वेळ कपाकडे बघत बसला आणि बॅगेतून घडी केलेला ग्राफ पेपर काढला, चार कागद चिकटवलेले, सरदाराच्या किल्ल्याचा नकाशा, बुरुज, चोरवाटा, विहिरीतून आत जाणारा बोगदा, सगळं बारीक शाईच्या पेनाने. म्हणाला, तो मेला असता तर तुम्ही इथे आलाच नसता, हा कुणी बघितलाच नसता.

भाचा नकाशावर वाकला आणि त्याने बोगद्यावर बोट ठेवलं. मग पटकन हात मागे घेतला, म्हणाला, घडी घाल, आत्ता नको दाखवू. ताईने काल विचारलं की या शनिवारी पोहे किती जणांचे करू. पाच जणांचे कर म्हटलंय.